शेरा

रबाळ्याच्या एमआयडीसीत, दोन नंबरच्या गेटमागे,
पत्र्याच्या शेडला टेकलेली एक केबिन.
तिथं द्वारकाताई मढवी बसतात
आणि त्यांच्यासमोर बसतं
मी वर्षभर खपून लिहिलेलं सॉफ्टवेअर.

आज मी त्यांच्या मागे, स्टुलावर.
ठरवून आलोय : बोलायचं नाही. फक्त बघायचं.

पहिला ट्रक साडेनऊला.
ड्रायव्हर खिडकीतून कागद सरकवतो.
ताई चष्मा कपाळावरून खाली ओढतात,
लाल कापडी बांधणीची लांबट वही उघडतात,
लिहितात : गाडी, पार्टी, किती पिंपं, वेळ.
बारा सेकंद. मी मोजले.
मग वही मिटून
विहिरीत उतरण्याआधी घेतात तसा श्वास घेतात
आणि माझ्याकडे वळतात. म्हणजे स्क्रीनकडे.

अकरा रकाने. सातांवर लाल तारे.
तारे मीच लावले होते, महाप्याला, पाचव्या मजल्यावर,
कुणी म्हणालं 'हेही घेऊया', कुणी म्हणालं 'असू दे'.
'वाहतूकदाराचा पिनकोड' हा त्या 'असू दे'तलाच.
ताई तिथं दर वेळी रबाळ्याचा टाकतात.
गाडी वापीची असो, नागपूरची असो,
माझ्या डेटाबेसात सगळा देश
इथं राहायला आलाय.

मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी, कोपरे काळे पडलेली :
हिरवा नको. निळा दाब. मग थांब. हात लावू नको.
माझ्या कामाचं इतकं नेमकं मॅन्युअल
मला कधी लिहिता आलं नाही.

दुसऱ्या ट्रकला स्क्रीन म्हणाली : अवैध नोंद.
कुठं अवैध, का अवैध, काही नाही.
चटका बसावा तसा ताईंनी हात मागे घेतला
आणि मला नव्हे, कीबोर्डला म्हणाल्या,
"माजाच कायतरी चुकला."

बावीस वर्षांत ज्या बाईच्या हातून
एक पिंप इकडचं तिकडं झालं नाही,
तिला दीड वर्षात मी
चुकायला शिकवलं.

बोलायचं नव्हतं. बोललो.
"ताई, तुमचं नाही चुकलं. तारीख मीच उलटी मागतोय."
पायावर पाय देणारा तीन स्टॉपनंतर सॉरी म्हणाला
तर बघतात, तसं बघितलं त्यांनी.
"मंग सरळ माग ना."

दुपारी तांदळाची भाकरी, सुकट.
हात धुवून मी वही चाळली.
शेवटचा रकाना सगळ्यात रुंद : शेरा.
'चौथं पिंप चेपलेलं. घेतलं नाही.'
'ड्रायव्हर नवा पोरगा. रस्ता सांगितला.'
'वास येतो. साहेबांना फोन. उचलत नाहीत.'
'परत वास.'
'परत फोन.'
माझ्या अकरा रकान्यांत
हा वास कुठंच मावत नव्हता.

तो आठवडा मी खोडत बसलो.
पिनकोड गेला. त्याच्यामागे अजून पाच.
'अवैध नोंद' काढून लिहिलं :
'ही तारीख उद्याची दिसते. आजची टाकू?'
एवढी साधी दोन वाक्यं, पण संध्याकाळ गेली.
मॅनेजर म्हणाले, काम कमी झालं, बिल तेवढंच?
मी काही बोललो नाही. तळाशी एक चौकट ठेवली,
बिनताऱ्याची, हवं तेवढं वाढणारी.

परत गेलो तेव्हा चिठ्ठी नव्हती,
तिच्या डिंकाचा चौकोन होता.
लाल वही मात्र उघडीच.
मी वहीकडे बघितलं, ताईंनी माझ्याकडे.
"लाइट गेली तं?"
खरंच की. मी लाइटीचा विचारच केला नव्हता.

अकरा दहाला महाप्याच्या सर्व्हरवर
पहिला शेरा पडला :
'वास नाही. कंपूटरवाला परत आलाय.
स्टूल हलतं, सांभाळून बस म्हटलं.'